वंशावळ आणि तिचा न्यायाधीश : तंजावरकर भोसल्यांची मद्रासकडील कथा

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात उच्च न्यायालयाची तांबडी घुमटदार इमारत उभी आहे. तिच्या उत्तरेचा रस्ता ओलांडला, की तंबू चेट्टी रस्ता लागतो आणि त्या अरुंद, मालाने नेहमी भरलेल्या रस्त्यावर काळिकांबाळ देवीचे मंदिर आहे. शिवाजी महाराजांनी ३ ऑक्टोबर १६७७ रोजी या देवीचे दर्शन घेतले अशी मंदिराची परंपरा आहे, आणि ती तेथे मोठ्या आस्थेने जपली जाते. मंदिराचे मूळ स्थान किल्ल्याच्या बाजूस होते व ते नंतर आजच्या जागी आले, असेही परंपरा सांगते. महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी हे मंदिर पाहतो, समाधान पावतो आणि परततो. समोरच्या न्यायालयाकडे त्याचे लक्ष जाण्याचे कारण नसते. तथापि भोसले कुळाच्या पूर्वजशोधाचा जो इतिहास आहे त्याच्या दृष्टीने मंदिरापेक्षा न्यायालयाचे महत्त्व अधिक आहे. मंदिरातील आठवण ज्या स्वारीची आहे ती एका अर्थी वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटणीची स्वारी होती. त्याच दोन शाखांमधील दायाचा वाद अडीच शतकांनी या न्यायालयात पुन्हा उभा राहिला, आणि त्या वेळी न्यायाधीशांपुढे पडलेला प्रश्न केवळ पैशाचा नव्हता, तर भोसले मूळचे कोण हा होता.

वंशावळ या लेखनप्रकाराकडे मराठी समीक्षेने आजवर फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. बखरीचा अभ्यास झाला, पोवाड्याचा झाला. वंशावळ मात्र इतिहाससंशोधकाच्या टिपणवहीत राहिली. तिच्यातील नावे खरी की खोटी एवढेच विचारले गेले. ती कोणापुढे ठेवण्यासाठी लिहिली गेली हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. वस्तुतः मराठी गद्याचे जे जुने प्रकार आपण अभिमानाने मोजतो त्यांतील महजर, करीना, कैफियत, तकरीर हे सारे कज्ज्याच्या पोटी जन्मलेले आहेत. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापल्या घराण्याचा करीना सांगत. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, गावची पाटीलकी त्याला कशी मिळाली, मध्ये दुष्काळ पडून घराणे परागंदा कसे झाले आणि परत येऊन पाहतो तो जागेवर भाऊबंद कसा बसला, हे सारे ओघाने त्यात येई. त्या निवेदनात कथनाची जी शक्ती आहे ती हौसेची नव्हे. जो हरला त्याचे शेत जाणार होते.

शिवाजी व व्यंकोजी यांच्यातील प्रश्न याच जातीचा होता, फक्त शेताच्या जागी राज्य होते. शहाजीराजे १६६४ साली वारले. त्यांची कर्नाटकातील जहागीर तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे दक्षिणेत एकोजी म्हणून ओळखले जाणारे, यांच्या हाती राहिली. पुढे सत्तरीच्या दशकाच्या मध्यास त्यांनी तंजावर घेतले. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा राजकारणाचे इतर हेतू होतेच, परंतु भावापुढे मांडलेला मुद्दा पित्याच्या दौलतीतील निम्म्या हिश्श्याचा होता. कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमलवाडी येथे दोघे भेटले. वाटाघाट फिसकटली आणि व्यंकोजी रात्रीतून निघून गेले. पुढे समेट झाला, आणि त्यात बंगळूरकडील मुलूख व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्याकडे चोळीबांगडीसाठी लावून देण्यात आला असे कराराचे कलम सांगते. राज्याच्या वाटणीत स्त्रीच्या नावाने स्वतंत्र कलम यावे ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण या कुळाच्या कथेत यापुढे स्त्रिया पुन्हापुन्हा येतात, आणि बहुधा वादी म्हणून येतात.

त्याच वर्षी सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रजांकडे महाराजांचे पत्र आले होते. त्यात राज्य मागितले नव्हते. काही औषधे व विषावरचे उतारे मागितले होते. इंग्रजांनी ते भीतीपोटी किंवा धोरणाने विनामूल्य पाठविले आणि आपल्या दप्तरात तशी नोंद केली. व्यापाऱ्याचे दप्तर वस्तू नोंदते, मंदिर दर्शन नोंदते आणि भाऊबंद हिस्सा नोंदतो. एकाच वर्षाच्या एकाच स्वारीच्या या तीन नोंदी आहेत आणि त्यांतील एकीवरून दुसरी खोटी ठरविण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राबाहेर, तमिळ मुलखात, भोसल्यांच्या इतिहासलेखनाला विलक्षण बहर आला ही गोष्ट आकस्मिक नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिली. राजधानी गमावून तेथे आश्रयास आलेल्या राजारामाने वडिलांची हकीकत विचारली म्हणून ती लिहिली गेली. परमानंदाचे शिवभारत उजेडात आले ते तंजावरच्या सरस्वती महालातील पोथीमुळे, आणि त्याचे तमिळ रूपांतरही तेथेच झाले. ज्याचे घर शाबूत असते त्याला घराचा इतिहास विचारावा लागत नाही. परमुलखात राज्य करणाऱ्यास, आणि विशेषतः राज्य करण्याचा आपला अधिकार दुसऱ्याने प्रश्नात ओढला असता, पूर्वज आठवतात.

या दृष्टीने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवरील मराठी शिलालेख पाहिला पाहिजे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेने, त्यांचे चिटणीस बाबूराय यांच्या रचनेवरून, १८०३ साली तो कोरला गेला. भोसलेवंशचरित्र या नावाने तो ओळखला जातो आणि एवढा दीर्घ शिलालेख क्वचितच कोठे असेल. देवनागरी लिपीत, सबंध भिंतभर, सृष्टीच्या आरंभापासून सूर्यवंश उतरत उतरत भोसल्यांपर्यंत आणि तेथून सरफोजींपर्यंत येतो. मराठी वाचकाला तो पाहून गहिवर येतो, आणि तो यावा. परंतु एखाद्या राजाने आपली वंशावळ दगडात, आणि तीही प्रजेला न कळणाऱ्या भाषेत, का कोरावी याचे उत्तर गहिवरात नाही.

ते उत्तर सरफोजींच्या बालपणात आहे. तुळजाजी राजे १७८७ साली निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी काही दिवस त्यांनी कुळाच्या दूरच्या शाखेतील दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तो हा सरफोजी. तुळजाजींचा सावत्र भाऊ अमरसिंग याने दत्तकविधान अशास्त्र असल्याचा आक्षेप घेतला. मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक आहे, नाते दूरचे आहे, असे मुद्दे निघाले. कंपनीच्या मद्रास सरकारने पंडितांचे मत घेतले, ते प्रतिकूल पडले आणि अमरसिंग गादीवर बसला. गंमत अशी, की अमरसिंगाचे स्वतःचे मातृकुळही निर्वेध नव्हते. तो प्रतापसिंग राजांचा दासीपुत्र होता असे विरोधकांचे म्हणणे होते, आणि खुद्द प्रतापसिंगाविषयीही तोच प्रवाद होता. १७९३ साली तुळजाजींच्या विधवा राण्या व सरफोजी यांना तंजावरात धोका आहे म्हणून मद्रासला आणून ठेवण्यात आले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने मुलाचा पक्ष उचलून धरला. पंडितांची नवी मते मागविण्यात आली. या खेपेस ती सरफोजींच्या बाजूने पडली. शास्त्र तेच होते आणि मुलगाही तोच होता. बदलले होते ते विचारणाऱ्याचे मन. १७९८ साली सरफोजी गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे किल्ला, वाडा आणि नेमणूक एवढेच राहिले.

चारच वर्षांनी भिंत कोरली गेली. ज्याचे पुत्रत्व अकरा वर्षे पंडितांच्या लेखणीवर टांगलेले होते, आणि ज्याला ते मिळाले तेव्हा राज्य उरले नव्हते, अशा माणसाने हा लेख करविला आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या विस्ताराचा अर्थ कळतो. एवढा लांबलचक पुरावा निःशंक माणूस देत नाही. लेखाचा श्रोता प्रजा नव्हती. तो एक अदृश्य न्यायाधीश होता, जो पुन्हा कधी पंडितांना बोलावील आणि कागद मागेल याचा नेम नव्हता. कागद जळतात, बदलतात, म्हणून दगड. साहित्यदृष्ट्या हा लेख बखरीच्या वळणाचा आहे असे म्हटले जाते ते खरे असले, तरी त्याचा आत्मा करीन्याचा आहे.

याच मंदिराच्या भिंतींवर आठ शतकांपूर्वीचे राजराज चोळाचे लेख आहेत. त्यांतील एका लेखात मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे स्त्रियांची नावे एकेक करून दिलेली आहेत. कोणती स्त्री कोणत्या गल्लीत, कितव्या घरात राहते आणि तिचे मूळ देऊळ कोणते हेही तेथे आहे. राजवंशाची स्तुती करणाऱ्या त्या दरबाराला नर्तकींच्या नावांचे एवढे अगत्य का असावे? कारण प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात द्यावयाचे होते. जेथे वाटा असतो तेथे नाव लिहिले जाते. सरफोजींच्या शिल्पकारांनी तो लेख वाचला असण्याचा संभव नाही, पण एकाच देवळाच्या दगडावरील या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दोहोंचाही अर्थ पुरता लागत नाही.

सरफोजींचे पुत्र शिवाजी हे तंजावरचे शेवटचे राजे. औरस पुत्र व्हावा या आशेने त्यांनी उतारवयात एकाच दिवशी सतरा मुलींशी लग्न केले. त्या सतरा मुलींची कथा कोणी लिहिली नाही, आणि कोणत्याही वंशावळीत ती बसणारही नाही. १८५५ मध्ये राजे वारले तेव्हा मागे दोन कन्या आणि विधवांचा मोठा समुदाय होता, पुत्र नव्हता. कंपनीने राज्य नष्ट झाल्याचे ठरविले. पुढील वर्षी सैन्यानिशी वाड्यात शिरून कंपनीच्या अधिकाऱ्यांनी खासगी संपत्तीसह सर्वस्वावर मोहर लावली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली.

हे न्यायालय त्या काळी जॉर्ज टाउनच्या समुद्रकडेच्या हमरस्त्यावर, आज राजाजी सालै म्हणतात तेथे, बेंटिंकच्या इमारतीत भरत असे. जॉर्ज टाउन हे नाव तेव्हा नव्हते. ते पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणानंतर आले. इंग्रज या वस्तीला ब्लॅक टाउन म्हणत. किल्ल्याच्या भिंतीबाहेर काळ्यांनी राहावे आणि भिंतीच्या आत गोऱ्यांनी, असा त्याचा सरळ अर्थ होता. अशा नावाच्या वस्तीत बसलेल्या इंग्रज न्यायाधीशांनी राणीच्या बाजूने निकाल दिला हे नमूद करणे न्यायाचे आहे. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. कंपनीने जे केले ते सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य होते, ते न्याय्य असो वा अन्याय्य, त्यावर न्यायालयाला अधिकार नाही, असे लॉर्ड किंग्जडाउन यांच्या निर्णयाचे सार आहे. भारतीय विधिग्रंथांत हा खटला आजही उद्धृत होतो. तो शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना कामाक्षीबाई मराठी बोलत होत्या हे ठाऊक असते, हा प्रश्न वेगळा.

१८६२ साली सरकारने कृपा म्हणून खासगी मिळकत विधवांना परत केली. ज्येष्ठ राणीकडे व्यवस्था, नंतर इतर राण्यांकडे, मग कन्येकडे, असा क्रम सरकारी हुकमात घालून दिला गेला. त्या हुकमातील शब्दांवर पुढे साठ वर्षे वकिलांची घरे चालली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सहा वर्षांतच जिजाईअंबाबाई आणि कामाक्षीबाई या सवतींचा दावा उच्च न्यायालयात आला. वारसांची रांग हळूहळू संपत गेली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात कोल्हापूरच्या महाराजांनी भोसले या नात्याने तंजावर राजवाड्याच्या मिळकतीवर हक्क सांगितला. मद्रास निर्णयसंग्रहाच्या १९२५ च्या अठ्ठेचाळिसाव्या खंडाचा आरंभच या खटल्याने होतो. १६७७ साली तिरुमलवाडीस थोरल्या पातीने धाकट्या पातीपुढे जो कागद ठेवला होता तोच जणू पुन्हा उघडला गेला.

या खटल्यात एक असा प्रश्न निघाला की ज्याने तंजावरची सबंध भिंत साक्षीस उभी करावी. मिताक्षरेप्रमाणे शूद्राच्या दासीपुत्राला पित्याच्या मिळकतीत अंश असतो. त्रैवर्णिकाच्या दासीपुत्राला केवळ पोटगी. म्हणून तंजावरचे राजे क्षत्रिय की शूद्र हे ठरविल्याशिवाय अनौरस संततीचे स्थान ठरत नव्हते. न्यायालयाने ते शूद्र असल्याचा निर्णय दिला. शिवाजी महाराजांचा १६७४ चा राज्याभिषेक, गागाभट्टाने मान्य केलेला सिसोदिया वंश, कोल्हापुरातील वेदोक्ताचा झगडा हे सर्व या एका निर्णयाच्या पार्श्वभूमीला होते. ज्या शाहू महाराजांनी क्षत्रियत्वाच्या मान्यतेसाठी कोल्हापुरात ब्रह्मवृंदाशी दीर्घ संघर्ष केला ते १९२२ मध्ये वारले होते. मिळकतीचा हिशेब पुढे कसा लागला हा येथे विषय नाही.

या निर्णयाने मराठी माणसाचा स्वाभिमान दुखावतो हे उघड आहे, आणि त्यावर संतापाने लिहिणे सोपे आहे. पण संतापात एक बारीक गोष्ट हातची सुटते. कोल्हापूरच्या गादीवरील घराणे रक्ताने कागलच्या घाटग्यांचे होते. शाहू महाराज १८८४ साली दत्तक आले होते. शास्त्राने ते भोसले झाले आणि त्यात काही वावगे नाही. उलट राजवाड्यातील अनौरस मुले रक्ताने निःसंशय भोसले असून शास्त्राने कोणीच नव्हती. त्यांना पित्याचे पुत्र म्हणून उभे राहावयाचे तर पित्यालाच शूद्र म्हणवून घेणे भाग होते. क्षत्रिय पूर्वजांचा गौरव की आपला घास, अशी निवड ज्याच्यापुढे आली त्याने गौरव सोडला यात नवल नाही. वंशावळीचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी त्याला दोष देऊ नये. भिंतीवरील सूर्यवंश ज्यांच्या उपयोगी पडत नव्हता असे त्या वंशातले लोक होते, ही या खटल्याची खरी साक्ष आहे.

अशी साक्ष केवळ आपल्याकडेच मिळते असे नाही. फ्रान्समधील सेव्हेन पर्वतराजीतील खेडुतांचे पूर्वज शोधणे तंजावरच्या राजांचे शोधण्यापेक्षा कागदाच्या दृष्टीने सुलभ आहे, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटते. १५३९ च्या राजाज्ञेने तेथे बाप्तिस्म्याची नोंद ठेवणे पाद्र्यांवर बंधनकारक झाले. १५७९ मध्ये विवाह व दफन यांची भर पडली. १६६७ पासून प्रत्येक वहीची दुसरी प्रत न्यायालयात जाऊ लागली. मेंढपाळाचे नाव त्यात येते आणि चेस्टनट वेचून पोट भरणाऱ्या विधवेचेही येते. मात्र या डोंगरातील अनेक कुटुंबे प्रॉटेस्टंट होती, आणि १६८५ नंतर त्यांचा धर्मच बेकायदा ठरला. त्यांचे उपदेशक रानात, गुहांत लग्ने लावीत. कॅथलिक पाद्र्याच्या वहीत नोंद नाही म्हणून ती लग्ने कायद्याने लग्नेच नव्हती, आणि तशा जोडप्यांची मुले अनौरस. १७८७ च्या राजाज्ञेने त्यांची जन्ममृत्यू-विवाहाची नोंद पुन्हा मान्य केली. तंजावरात सरफोजींचे पुत्रत्व पंडितांपुढे नाकारले गेले तेही हेच वर्ष. दोन्ही ठिकाणी मूल आणि बाप यांच्यामध्ये वही उघडून एक अधिकारी बसला होता.

आपल्याकडे अशी गावोगावची वही नव्हती. जॉर्ज टाउनमध्ये आणि चेन्नईच्या इतर भागांत तंजावरकडून आलेली जी मराठी घराणी स्थिरावली, त्यांपैकी पुष्कळांची आडनावे केवळ राव या उपपदात विरून गेली. गोत्र आणि कुलदैवत टिकले, गाव विसरले गेले. घरात बोलली जाणारी मराठी तमिळ वळणाने नटली. अशा घराला पूर्वज शोधावयाचे तर क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांचा आधार मोठा. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर येथील उपाध्यांकडे यात्रेस आलेल्या यजमानाचे नाव, गाव, भाऊ, मुलगे आणि पुष्कळदा यजमानाची सही असते. या वह्यांचे एक वैशिष्ट्य असे, की त्या वादासाठी लिहिलेल्या नाहीत. उपाध्याला यजमान टिकवायचा आहे, त्याचा हक्क शाबीत करावयाचा नाही. म्हणून तेथे सूर्यवंश सापडत नाही, आजोबा सापडतात.

दुसरा आधार सरकारी दप्तराचा. मद्रास इलाख्यात १८५८ पासून इनाम कमिशनचे काम सुरू झाले तेव्हा प्रत्येक इनामदाराला मूळ सनद कोणाला मिळाली आणि आपले त्याच्याशी नाते काय हे सांगावे लागले. तंजावर राजांनी दिलेली इनामे पुष्कळ असल्याने त्या नोंदींत मराठी घराण्यांच्या तीन-चार पिढ्या सहज मिळतात. येथे मात्र लिहिणारा पुन्हा न्यायाधीशापुढे उभा आहे, हे वाचकाने विसरता कामा नये. त्याआधी कर्नल कॉलिन मॅकेन्झी याने आपल्या देशी साहाय्यकांकरवी गावोगावच्या कैफियती व वंशावळी गोळा केल्या. त्यांतील मोठा भाग आज मद्रासच्या प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहे. कंपनीचा सर्वेक्षक पूर्वजांची चौकशी करतो म्हटल्यावर पाळेगारांनी आणि मठाधिपतींनी त्याला काय सांगितले असेल हे ओळखणे कठीण नाही. त्या कैफियतींना भाबडेपणाने इतिहास मानणे जसे चूक, तसे थापा म्हणून फेकून देणेही चूक. सांगणाऱ्याला कशाची भीती होती हे त्यांत स्वच्छ दिसते.

भोसल्यांच्या मूळाविषयीचा वाद अर्थातच न्यायालयाच्या निकालाने मिटला नाही. विसाव्या शतकात मुधोळच्या घोरपड्यांकडील फर्मानांच्या आधारे चितोडचा संबंध सिद्ध मानणारे विद्वान झाले आणि ती फर्मानेच संशयास्पद मानणारेही झाले. या वादातील बहुतेक लेखन उत्तरेकडे तोंड करून झालेले आहे. वेगळी दिशा दाखविली ती रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील त्यांचा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. माणदेशातील त्या उघड्या, वाऱ्याच्या डोंगरावरचे दैवत भोसल्यांचे कुलदैवत आहे. मालोजीराजांनी पाण्याच्या दुर्भिक्षामुळे तेथे तळे बांधले, आणि चैत्रात मुंगी घाटाच्या कड्यावरून कावडी चढवितात त्या याच देवाला. ढेऱ्यांनी राजाचा शोध सनदेत न घेता देवात घेतला. दैवत कोठून आले, त्याला डोंगरावर कोणी आणले, त्याचे पुजारी आणि मानकरी कोण, असे विचारीत ते गदगजवळच्या सोरटूरपर्यंत पोचले. तेथील होयसळ-यादव कुळातील बळियप्पा हा पुरुष आपले दैवत घेऊन सातारा भागात आला आणि भोसले त्याच्या वंशातले, असा त्यांचा सिद्धांत आहे.

सिद्धांतातील काही दुवे अनुमानाचे आहेत, आणि नामसाम्यावर ढेरे कधीकधी झेपेल त्यापेक्षा अधिक भार टाकतात. पण त्यांच्या पद्धतीत एक मोठा गुण आहे. देवाची परंपरा सांगणाऱ्या गुरवाला किंवा कावड वाहणाऱ्या तेल्याला भोसल्यांचे क्षत्रियत्व सिद्ध करावयाचे नव्हते. त्याच्या बोलण्याला न्यायाधीश नव्हता.

आणि हा सिद्धांत मान्य केला तर तंजावरच्या भिंतीचे तोंडच फिरते. होयसळ राजे तेराव्या शतकात कावेरीच्या खोऱ्यात उतरले होते आणि श्रीरंगमजवळ कण्णनूर येथे त्यांनी राजधानी केली होती. ते गाव कोळ्ळिडमच्या उत्तरेस आहे. त्याच नदीच्या त्याच काठाने काही कोस पूर्वेकडे गेले, म्हणजे तिरुमलवाडी लागते, जेथे १६७७ साली दोन भाऊ पित्याच्या मिळकतीसाठी समोरासमोर बसले होते.